सात नंबरच्या हॉलची किल्ली

मंगळवार, २३ सप्टेंबर.
सकाळी ११.४० वाजता युनिव्हर्सिटीतल्या माझ्या खोलीच्या दारावरची माझ्या नावाची पाटी उतरवण्यात आली. रिटायर होणार मी तीस तारखेला! किल्ल्या सांभाळणारा पोर्टर लेशेक म्हणतो, "नवी पाटी आली, बाई. शिडी दोनदा कोण आणणार?" नव्या पाटीवर डॉ. यागोदा. माझीच विद्यार्थिनी, माझ्या हाताखाली घडलेली. ती ओशाळली. "मॅडम, आठवडाभर तुमचीच परत लावायला सांगते." मी म्हटलं, "असू दे गं, पाटीनं का कुणी मोठं होतं?" घरी आल्यावर एक ताटली फुटली. हातातून निसटली.
रिटायर व्हायची मला मुळीच धास्ती नाही. रोज विस्तुला नदीकाठी फिरणार. इटालियन शिकणार.

रविवार, २८ सप्टेंबर.
चर्चमध्ये मत्सरावर प्रवचन. शाळेत नन्सनी शिकवलंय, मत्सर पाप आहे. म्हणजे मला जे वाटतं तो मत्सर नव्हे. काळजी. यागोदाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर.
रिटायर. सकाळीच उठून, आवरून, कोट घालून दाराशी उभी राहिले. मग कोट काढला. बीटाचं सूप केलं. इटालियन उद्यापासून.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.
सात नंबरच्या हॉलची किल्ली माझ्या पर्समध्येच राहिलेली. लेशेकची मनधरणी नको म्हणून इतकी वर्षं मीच बाळगायची. परत करायला गेले. दहाला यागोदाचं पहिलं लेक्चर. हॉलला कुलूप, मुलं बाहेर ताटकळत. एक मुलगी म्हणते, "आजी, ज्येष्ठ नागरिकांचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे हं."
मला!
घड्याळ पाहिलं. सव्वादहा. आमच्याकडे रीतच आहे, पंधरा मिनिटांत शिक्षक आला नाही तर वर्ग सुटला. मी फक्त रीत सांगितली. "सव्वादहा झाले. जा घरी." मुलं टाळ्या वाजवत गेली.
मागून यागोदा धापा टाकत आली, बरोबर लेशेक. "मॅडम, कधीची किल्ली शोधतोय आम्ही! मुलं कुठे गेली?"
मी म्हटलं, "आजकालची मुलं!"
ती मटकन पायरीवर बसली. पहिला दिवस म्हणून मुलांसाठी घरून प्लमचा केक करून आणला होता. मलाच दोन तुकडे दिले. खाल्ले. छान झाला होता, तेच वाईट.

गुरुवार, ९ ऑक्टोबर.
सगळं सांगून टाकायचं म्हणून यागोदाला फोन केला. हवापाण्याचं बोलले. तीच म्हणाली, "मंगळवारी याल, मॅडम? पहिल्या बाकावर बसा. तुम्ही दिसलात की मुलं उठून जायची नाहीत."

शुक्रवार, १० ऑक्टोबर.
डीनना कडक तक्रार लिहायला घेतली. पाटी वेळेआधी काढली. प्राध्यापिकेला आजी म्हटलं. शिवाय डिपार्टमेंटमधला किल्ल्यांचा गलथान कारभार... इथे पेन अडलं. कागद फाडला.
किल्ली आता साखरेच्या डब्यात आहे. पर्स उघडली की डोळ्यांपुढे यायची. आता चहा बिनसाखरेचा पिते. तब्येतीला बरा.
तेव्हा जाब विचारायचा तो इथेच, स्वतःलाच. हेलेनाबाई, यागोदाला खरं सांगणार आहात, की पहिल्या बाकावर बसून नुसती मान डोलावणार? उत्तर लेखी हवं, याच वहीत, मंगळवारी सकाळी दहाच्या आत. पंधरा मिनिटांची सवलत मिळणार नाही.