तैवानच्या अर्जातली चूक

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
मार्च १९९९

प्रिय मावशी,

तू जाऊन चार महिने झाले आणि तुला पत्र आज लिहितोय, तेही लाजेपोटी. दुपारी लिनताईंचा फोन आला. तैवानचा अर्ज यंदा पुन्हा जिनिव्हाला पाठवायचाय, टाइप करून देशील का म्हणाल्या. वर म्हणाल्या, "नीट बघून कर. मागच्या वेळी तुझ्या मावशीकडून चूक झाली."

मी नुसतं "हो" म्हणालो. तुझ्याकडून कुठे गं झाली होती?

तुम्ही दोघी एकाच हॉस्पिटलात नर्स. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या भाचीचं मूल तिकडे तैवानात तापानं गेलं. साथ पसरत होती आणि जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेत तैवानला खुर्चीच नाही, कारण चीन म्हणतो तो आमचाच भाग, तो देश आहे की नाही यावरच भांडण! मताचा हक्क देऊ नका, नुसतं आत बसून ऐकू द्या, एवढंच त्यांचं मागणं. तू गुडघे दुखत असताना दारोदार फिरून डॉक्टर-नर्सेसच्या सह्या आणल्यास. आपल्याला काय करायचंय, असं मी म्हणालो. तू म्हणालीस, दाराबाहेर उभं राहणं काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अर्ज टाइप करायला तू माझ्याकडे दिलास. आणि मी काय केलं? काम भराभर उरकावं म्हणून ऑफिसातली देशांची तयार यादी उचलून अर्जात टाकली. तिच्यात तैवानपुढे 'चीनचा प्रांत' असं होतं. मी वाचलंसुद्धा नाही. अर्ज पोस्टात पडल्यावर कळलं.

लिनताईंच्या तैवानी लोकांनी विचारलं, हे टाइप कुणी केलं? तू म्हणालीस, "मी." लिनताई तुझ्याशी बोलेनाशा झाल्या त्या शेवटपर्यंत. तुझ्या पुण्यानुमोदनाला मात्र आल्या, मागच्या खुर्चीवर बसून रडत होत्या.

माझी चूक अशी पोटात कशाला घातलीस? रागावली असतीस तर बरं झालं असतं. परतताना गाडीत एवढंच म्हणालीस, "तुझ्या आजोबांचं नाव रामचंद्र. मास्तरांनी रजिस्टरात राम्या लिहिलं, ते जन्मभर राम्याच राहिले. दुसऱ्याचं नाव लिहिताना आधी त्याला विचारावं रे."

मी त्यांना सांगतो म्हणालो, तर तू म्हणालीस, थांब, तिला शांत होऊ दे. मग तू आजारी पडलीस. खरं सांगू? मला ते न सांगणं सोयीचंच वाटलं.

उद्या शनिवार. फोनवर नाही, त्यांच्या घरी जाऊन सांगणार आहे. अर्जाचं काम त्यांनी काढून घेतलं तरी चालेल. तोंडही बघणार नाही म्हणाल्या तर तेही ऐकून घेईन. पण एवढं सांगितल्याशिवाय उठणार नाही, की तुमची मैत्रीण त्या दिवशी खोटं बोलली. तैवानचं नाव तिनं कधीच चुकवलं नव्हतं.

तुझा अपराधी,
नितीन