विमलाबाईची साक्ष

पिपरी मेघे,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

रजत, जयभीम.

तू माहा नंबर ब्लॉक केला, ते बरंच केलं. फोनवर हे सांगता आलं नसतं. घरी सगळे ठीक. आईनं काकांसाठी, तुह्या बाबांसाठी, जवसाची चटणी काढून ठेवली होती, पण घेऊन येयाची माही हिंमत नाई झाली. काका अजून घराबाहेर निघत नाई म्हणतात, खरं काय?

आमच्या न्यूज पोर्टलचं काम तुले माहीत नाई. बातमी टाकली की खाली पहिली कमेंट आमचीच. संपादक कैलासभाऊ म्हणतात, "बोहनी झाल्याबिगर गिऱ्हाईक येत नाई." त्यासाठी खोटी नावं बनवून ठेवली आहेत. त्यातली विमलाबाई माही. वय बासष्ट, राहणार पिपरी, फोटो गुलाबाच्या फुलाचा. अशी बाई कुठंच नाई.

सावंगीच्या वळणावर शाळेची बस नालीत उतरली, त्या बातमीची बोहनी मीच केली. विमलाबाईच्या नावानं लिहिलं, "मी डोळ्यानं पाह्यलं, डायव्हर पेऊन होता." बस कोण चालवत होतं, तेव्हा माहीत नव्हतं, आईशपथ. तासाभरात लोकं तुटून पडले. "मीबी पाह्यलं" म्हणणारेच चाळीस. मग डायव्हर म्हणून काकांचं नाव आलं. ज्यांनी मले सायकल शिकवली, उभ्या जन्मात तंबाखूबी नाई खाल्ली, त्यांचं. कमेंट काढायले दोन मिनिटं लागत होती. नाई काढली मी. बातमी जोरात चालली होती, कैलासभाऊ पाठीवर थाप मारून गेलते. लाज वाटते रे सांगायले.

आता पुढचं ऐक, आणि मले येडा म्हणू नको.

काकांले कामावरून घरी बसवलं, त्याच्या आठवड्यानं विमलाबाईनं स्वतःच लिहिलं. मी नाई. "त्याच्यापाशी निळा डबा होता." काकांचा डबा निळा आहे काय रे? मले तर माहीतबी नव्हतं. मी पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी, "डाव्या पायात चप्पल नव्हती." खातंच बंद केलं. तरी रोज एक ओळ येते, रोज तिले थोडं जास्त आठवते. कैलासभाऊ म्हणतात, कोणी मजा करून राह्यलं, चालू दे. काल मी मोबाईलवर तुह्यासाठी माफीचा मेसेज लिहीत होतो. पाठवलाबी नव्हता, तर बातमीखाली तिची ओळ आली, "पोरा, काऊन रडतो? मी पाह्यलं ना." म्हणून हे कागदावर लिहून राह्यलो. तुह्या दाराखालून टाकून जाईन.

सोमवारी शाळेत काकांची चौकशी आहे. समितीनं ती कमेंट फाईलले लावली आणि आमच्या पोर्टलमार्फत विमलाबाईले साक्षीले बोलावलं. मी हसलोच, म्हटलं येणार कोण? आज शाळेच्या क्लार्कचा फोन आला. "तुमच्या त्या बाई आत्ताच येऊन गेल्या. आवाज लय बारीक आहे हो त्यांचा. सोमवारी अकराले येईन म्हणाल्या."

रजत, ती बोलली तर काकांची नोकरी गेली समज, आणि इज्जतबी. मी साडेदहालेच येतो. ते माहं लिहिणं होतं, असं समितीले लिहून देतो. मग माही नोकरी गेली तरी जाओ. तू मले माफ नको करू.

व्हरांड्यात एखादी बाई एकटी बसलेली दिसली, तर काकांले तिच्या जवळून नेऊ नको. आधी मले आत जाऊ दे.

तुह्या बाबांचा गुन्हेगार,
स्वप्निल