माझी लादी, देवाचा पाट

शनिवार, संध्याकाळ. कुवेंपुनगर.

नुसता वैताग आलाय! रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलखाली मुद्दाम ग्रॅनाइटची जाड लादी आणली. बैठक जड असली की हादरे पोचत नाहीत, असं मीच सगळ्यांना ऐकवलं होतं. पण स्वयंपाकघरात इडलीचा ग्राइंडर सुरू झाला की गाण्यात घरघर येतेच. मग ही लादी कशाला उचलून आणली? कंबर अजून दुखतेय.

आज बायकोने पूजेचा हलका पाट भांडी घासायच्या स्पंजांवर ठेवला. "सुम्ने, उगाच डोकं नको खाऊस, यावर ठेवून लाव," म्हणाली. ग्राइंडर चालू, तरी आवाज स्वच्छ! पाटाने जमतं, आणि लादीने नाही?

आता म्हणते, उद्या सत्यनारायणाला पाट हवा. देवालाच लादीवर बसवू या, असं म्हणायची माझी छाती होत नाहीये.