समुद्र पाऊण तास लेट

२० ऑक्टोबर १९३५, रविवार. बुऱ्हाणपूर.

सुरतेहून अनंतरावांचं पत्र. मुलगी पाहायला तयार आहेत. आमच्या कमलचं हे तिसरं स्थळ. हे हुकलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, असं हिनं सकाळपासून चारदा सांगितलं. मला मालूम आहे.

पहिलं स्थळ पत्रिकेवरून मोडलं. दुसरं कमलच्या जिभेवरून. मुलाच्या आईनं टेबलक्लॉथचं कौतुक केलं, तर ही पोरगी म्हणते, मी नाही विणला, शेजारच्या मनकर्णाकाकूंनी विणलाय. पोहे तसेच राहिले. अशा मुलीला घरात बसवून दाखवण्यात अर्थ नाही. घरात माणसं प्रश्न विचारतात. समुद्रावर समुद्र बघतात.

म्हणून प्लॅन: दिवाळीच्या सुट्टीत डुमस. सुरतेपासून दहा मैल, ऐन समुद्रकाठ. अनंतराव, त्यांची विधवा बहीण गोदाबाई आणि चिरंजीव सुरेश यांना तिथंच बोलवायचं. सूर्यास्ताच्या वेळी शिडाच्या होडीतून सफर. असा प्रोग्राम बुऱ्हाणपुरातल्या एकाही वधूपित्यानं आजवर केलेला नाही.

उत्तरात लिहिलं की शिडाच्या होडीची मला लहानपणापासून सवय. खोटं नाही. राजघाटावरून ताप्तीपलीकडे जैनाबादला डोंगीतून शंभरदा गेलोय. डोंगीला शीड नसतं हे खरं. पण एकदा नावाड्यानं काठीवर धोतर वाळत घातलं होतं आणि ते वाऱ्यानं फुगलं होतं. तत्त्व तेच.

शिवाय हायस्कुलात अठरा वर्षं जॉग्रफी शिकवतोय. समुद्र प्रत्यक्ष बघायचा तेवढा राहिलाय.

३० ऑक्टोबर, बुधवार.

उद्या निघायचं. होडी लागू नये म्हणून झोपाळ्यावर उभं राहून प्रॅक्टिस केली. सतराव्या झोक्याला उलटी. दिवाळीच्या चकल्यांचं तेल खराब होतं.

संकल्प: पाहुण्यांसमोर कमी बोलायचं. कमलनं त्याहून कमी.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. डुमस.

काल अंधार पडल्यावर पोचलो. भुसावळला गाडी लेट. धर्मशाळेत दोन खोल्या मिळाल्या.

सकाळी सातला दोघींना घेऊन बाहेर. हात लांब करून सांगितलं, हा अरबी समुद्र. लांबी, रुंदी, खोली, मुख्य बंदरं, सगळं सांगितलं. एक गुजराती म्हातारा ऐकत उभा होता. शेवटी म्हणाला की ही ताप्ती आहे, समुद्र त्या बाजूला. ही म्हणाली, म्हणजे दोनशे मैल येऊन आपल्याच नदीला नमस्कार केला की! कमल तोंडावर पदर घेऊन हसली. मी हसलो नाही. ताप्ती शेवटी समुद्रालाच मिळते. फार तर अर्धा मैल चुकलो असेन. पण त्या म्हाताऱ्यादेखत कान गरम झाले हे खरं.

संध्याकाळी खरा समुद्र. वा! पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला टेकलेलं, पलीकडे सूर्य बुडतोय. घड्याळ काढून टिपलं: पाच पन्नास, भरती पूर्ण. लगेच अनंतरावांना कार्ड टाकलं. रविवार ता. १०, सायंकाळी सव्वापाच, भरतीच्या पाण्यावर सफर. पृथ्वी रोज चोवीस तासांत फिरते, तेव्हा समुद्रही रोज त्याच वेळी येणार.

२ नोव्हेंबर, शनिवार.

आज समुद्र पाऊण तास लेट. एवढं अवजड काम म्हटलं की व्हायचंच.

३ नोव्हेंबर, रविवार.

कालचा पाऊण तास भरून काढायचा सोडून आणखी पाऊण तास लेट. शिस्त नाही. पण अजून आठवडा आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार.

ही रोज धक्क्याजवळच्या लाकडी खुंटाकडे बघत बसते. पूर आला की राजघाटावरच्या दगडी हत्तीच्या कुठवर पाणी चढलं ते बघायची हिची माहेरची सवय. आज बोटांवर मोजून म्हणाली, अहो, पाणी रोज पाऊण तास उशिरा येतंय, असंच चाललं तर रविवारी संध्याकाळी इथं पाणी राहायचं नाही. मी विचारलं, अठरा वर्षं जॉग्रफी कुणी शिकवली? म्हणाली, तुम्ही. म्हटलं, मग झालं तर.

६ नोव्हेंबर, बुधवार.

होडी ठरवली. होडीवाल्याला इथं टंडेल म्हणतात. वय साठीच्या पुढे, दात चार. बोलणं गुजराती. आमच्या गल्लीत गुजराती घरं असल्यानं कमलला ते सगळं कळतं, म्हणून दुभाषी म्हणून तिला नेलं.

टंडेलाचं म्हणणं, रविवारी पौर्णिमा, दुपारी एकला या, भरपूर पाणी असेल. संध्याकाळी नुसता चिखल. मी सांगितलं की दुपारच्या उन्हात मुलगी दाखवत नाहीत. आणि पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे सर्वांत मोठी भरती, हे माझ्या पुस्तकात छापलेलं आहे. तो म्हणाला, मग होडी पुस्तकालाच ओढू द्या. कमलनं हे भाषांतर करायची गरज नव्हती.

शेवटी माझ्या हट्टापायी कबूल झाला. अशा माणसांशी ठाम राहावं लागतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार.

सूर्यास्ताला पाणीच नाही, फर्लांगभर चिखल आहे, येऊन बघा, असं ही सांगत आली. गेलो नाही. सर्दी. शिवाय पौर्णिमेला सगळं जागेवर येतं.

खरं लिहायचं तर बघायची भीती वाटली. कार्ड टाकून झालंय. आता वेळ बदलली तर अनंतराव काय म्हणतील? ज्याला लहानपणापासून सवय, त्याला एवढं कळू नये?

१० नोव्हेंबर, रविवार. दुपारी एक.

पाणी धक्क्याच्या पायऱ्या ओलांडून वर! हिला हात धरून दाखवलं. ही म्हणाली, अहो ही दुपार आहे. म्हटलं, आज जरा लवकर आलाय, पाहुणे येईपर्यंत थांबेल.

पंप शू, जरीचं उपरणं. कमलला सांगून ठेवलं, विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

काल लिहवलं नाही. आजही लिहवत नाही. पण मनात ठेवून तरी काय करू.

पाहुणे पाचला आले. अनंतराव ओव्हरसियर, मोजकं बोलणारे. गोदाबाई अंगानं भरभक्कम. सुरेश बरा वाटला. पाणी तोवर पार खाली गेलं होतं, होडी धक्क्यापासून बरीच आत, दगड टाकलेल्या वाटेच्या टोकाला उभी. टंडेल नको म्हणाला. मी आग्रह धरला. मग म्हणाला, चला, पण एक चक्कर मारून लगेच परत. सूर्य बुडेपर्यंत परतायचं नाही, असं मी बजावलं. सूर्यास्ताची सफर म्हणून बोलावलं, आणि सूर्यास्ताआधी परत? त्यानं दोनदा हातानं पाणी दाखवलं. मी सूर्य दाखवला. अनंतरावांना शिडाचे प्रकार समजावून सांगत होतो.

सहाला दहा कमी असताना खालून घासल्याचा आवाज आला. होडी थांबली. मी म्हटलं, टंडेलानं मुद्दाम थांबवली, दृश्य चांगलं दिसावं म्हणून. मग होडी हळूहळू एका बाजूला कलली. गोदाबाई घसरत माझ्या अंगावर आल्या. आजूबाजूचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेलं. काळा, लिबलिबीत चिखल, जाईल तिथवर नजर. सूर्य बुडाला तो कुणीच बघितला नाही.

गोदाबाईंनी विचारलं, आता पाणी कधी येणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. टंडेल म्हणाला, रात्री नऊनंतर.

आणि मी त्या म्हाताऱ्यावर ओरडलो. काय काय बोललो! अडाणी, बेजबाबदार, पाहुण्यांच्या जिवाशी खेळतोस, आधी सांगायला काय झालं होतं? तो शीड गुंडाळत राहिला. मराठी त्याला कळत नसेल, पण शिव्या सगळ्यांना कळतात.

तेव्हा कमल बोलली. बाबा, त्यांनी सांगितलं होतं. बुधवारीही सांगितलं आणि आत्ताही सांगितलं. मी होते तिथं.

 अनंतराव आपल्या चपलांकडे बघत होते. मला वाटलं, चिखलात उडी मारावी. मारलीही थोड्या वेळानं, कारण पायी जाऊन मदत आणतो असं सांगून तिथून निसटायचं होतं. गुडघ्यापर्यंत रुतलो. एक पंप शू आत गेला तो गेलाच.

टंडेलानं हाका मारून काठावरच्या माणसांना बोलावलं. चिखलावरून मासळीच्या पाट्या ओढायच्या लांब फळ्या असतात, त्या आणल्या. गोदाबाईंना एका फळीवर बसवून दोघांनी ओढत नेलं. त्या रामरक्षा म्हणत होत्या. हिला आणि कमलला दुसरीवर. सुरेश धोतर खोचून चालत गेला. अनंतरावही. मला उपसून बाहेर काढलं, पण पाय उचलेनात. शेवटी टंडेलानं पाठीवर घेतलं.

ज्याला अडाणी म्हटलं, त्याच्या पाठीवर, त्याच्या गळ्यात हात टाकून, तेवढा सगळा चिखल. तो दमून धापा टाकत होता. काठावर माणसं जमली होती, पोरं हसत होती. मी डोळे मिटून घेतले.

पाहुण्यांना रात्री डुमसलाच कुणा ओळखीच्यांकडे मुक्काम करावा लागला. जाताना अनंतरावांनी नमस्कार केला. कळवतो, म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते मला पहिल्या दोन स्थळांवरून माहीत आहे.

आज उजाडताच कमल दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, बाबा, चला ना, टंडेलांना भेटून येऊ. मी झोपेचं सोंग घेतलं. घोरलोसुद्धा. बराच वेळ उभी होती. मग दोघी मायलेकी कुठंतरी गेल्या. दुपारची गाडी आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. बुऱ्हाणपूर.

शाळा सुरू. स्टाफरूममध्ये वामनरावांनी विचारलं, काय मास्तर, समुद्र कसा काय? म्हटलं, सुंदर. सफरही छान झाली. म्हणाले, मुलांना आता डोळ्यांनी बघितलेलं शिकवाल. चहा तसाच ठेवून वर्गावर गेलो.

सहावीला भरती-ओहोटीचा धडा होता. म्हटलं, घरी वाचा.

१७ नोव्हेंबर, रविवार.

पत्र नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी आत जातो.

कमल नेहमीसारखी वागते. माझं धोतर तिनं तीनदा धुतलं, तरी काळा डाग जात नाही. मोडलं तर कुणामुळे मोडलं, हे ती बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. हिनं मात्र बजावलंय, स्थळ गेलं तर गेलं, पोरीला एक शब्द बोललात तर याद राखा. मी कशाला बोलू? परवापर्यंत मनात होतं, गप्प बसली असती तर निभावलं असतं. आता तेही मनात आणायची लाज वाटते. ती गप्प बसली असती तर तो म्हातारा खोटा ठरला असता, आणि मी ते चालवून घेतलं असतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार.

अनंतरावांचं पत्र आलं. हिला फोडायला दिलं. मुलगी पसंत आहे! ही तिथंच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मग उठून देवापुढे साखर ठेवायला गेली.

मी पुढचं वाचलं. लिहितात की खरं सांगायचं तर रविवारी रात्री त्यांचं मन नकाराकडे होतं. पण सोमवारी सकाळी गोदाताईंची होडीत राहिलेली शाल घ्यायला ते दोघं बहीणभाऊ टंडेलाच्या झोपडीवर गेले. तिथं आपली कन्या आईबरोबर आलेली होती. म्हाताऱ्याला हात जोडून सांगत होती की काल बाबा रागाच्या भरात बोलले, त्यांना रात्रभर झोप लागली नाही, ते स्वतःच माफी मागायला निघाले होते, पण चिखलात पाय मुरगळल्यामुळे उभं राहवत नाही, म्हणून त्यांनी मला पाठवलं. हे ऐकून गोदाताईंनी जागच्या जागी ठरवलं. जो बाप आपली चूक कबूल करायला मुलीला पाठवतो, त्या बापाच्या हाताखाली वाढलेली मुलगी सोडू नये, असं त्यांचं मत. माघात लग्न उरकावं.

पत्र कमलला दिलं. चुलीपाशी उभं राहून तिनं सगळं वाचलं, घडी केली आणि परत दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. मला म्हणायचं होतं, की पोरी, तू कधी खोटं बोलत नाहीस. तोंडातून निघालं, भाजीला मीठ जरा कमी घाल. तिनं मान हलवली.

जेवण झाल्यावर उत्तर लिहायला बसलो. पत्र पावलं, फार आनंद झाला, माघातलं लग्न आम्हाला मान्य, इथवर झरझर झालं. पण पत्राच्या शेवटी अनंतरावांनी विचारलंय, आपला पाय आता कसा आहे?

तासभर झाला, दौतीत टाक बुडवून बसलोय. पाय ठणठणीत आहेत. दोन्ही.