दोन सदतीस

काका, म्हणजे मी चौथीत दोनदा बसलो म्हणून मला सदतीस ओळखता येत नाही, हेच तुमचं म्हणणं ना? फोनवर तेवढं ऐकवलंत आणि फोन ठेवून दिलात. पत्र असं मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणून लिहितो आहे. (नमस्कार राहिला. तो घ्या. तीर्थरूप म्हणायचं होतं, तेही म्हटलं असं समजा. काकूचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला कसा आहे ते विचारत नाही, फोनवर चांगला खणखणीत ऐकला.)

पुन्हा सांगतो, नीट ऐका. तुम्ही मुकादम होऊन जो रस्ता बांधलात, त्याच रस्त्याच्या रुंदीकरणावर मला काम मिळालं आहे. काम काय, तर किलोमीटरचे दगड रंगवायचे. पाठ हिरवी, पोट पांढरं, आकडे काळे. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की विचार करायचा नाही, पुसट दिसेल ते गिरवायचं. मला ते मानवलं. छत्तीस दगड मी एकही विचार न करता रंगवले. सदतिसावा रंगवला, डबे उचलले, बागेच्या कुंपणाला धरून ते लांबलचक वळण चाललो, घाम पुसला, आणि पुढच्या दगडावर पुन्हा सदतीस! मला वाटलं ऊन लागलं. मागे गेलो. सदतीस, रंग अजून ओला. पुढे आलो. सदतीस. असा तीन वेळा गेलो-आलो, तेव्हा समोरच्या सलूनवाल्यानं खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच ठेवून विचारलं, "काय हरवलं का रे?" मी म्हटलं, "अडतीस." तो म्हणाला, "ते आमच्याकडे कधी नव्हतंच."

मी शहाणपणा केला आणि त्या दगडावर अडतीस काढलं. (इथंच चुकलं, कारण त्याच्या पुढच्या दगडावरही अडतीसच होतं.) सलूनवाला वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. त्याच्या पाटीवर सदतीस, बसच्या तिकिटावर सदतीस, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा सदतीस. मला सगळं खरवडून पुन्हा गिरवावं लागलं. सुपरवायझरनं अर्ध्या दिवसाची मजुरी कापली आणि वर विचारलं, की एकाचे दोन दिसायला मी नेमकं काय घेतो.

मग कचेरीतल्या कारकुनानं जुनी फाईल काढून वाचून दाखवली. काका, हा रस्ता आधी रस्ता नव्हताच. धान्यबाजारापासून नदीवरच्या होडीपर्यंत लोकांच्या पायांनी पडलेली वाट होती. मग चुन्याच्या खाणवाल्यानं आपल्या गाड्यांपुरती खडी टाकली. खाण संपली, खडी राहिली. मग सरकारनं त्याला राज्य महामार्ग म्हटलं, नंबर दिला, आणि नकाशावर पट्टी ठेवून बासष्ट किलोमीटर ठरवले. तुमची टोळी बाजाराकडून दगड पुरत निघाली आणि दुसऱ्या मुकादमाची नदीकडून बासष्टपासून उलटी मोजत आली. गाठ पडली तेव्हा तुमच्याकडे एक सदतीस, त्याच्याकडे एक सदतीस, आणि मध्ये एक किलोमीटर उरलेला. तो म्हणाला तुझा उपट, तुम्ही म्हणालात तुझा उपट. दोघांपैकी कुणीच उपटला नाही. साहेबानं गाडीतूनच मान हलवली. झाला महामार्ग.

यावर आम्ही खोलीत सहा जण पोट धरून हसलो होतो. आता हसत नाही. तुमच्या दगडासमोर सायकल दुरुस्त करणारा एक जण राहतो. गेल्या महिन्यात त्याच्या आईला झटका आला. त्यानं ॲम्ब्युलन्सला सांगितलं, सदतिसाच्या दगडापाशी या. ती नदीकडून आली, सलूनसमोरचा सदतीस आधी दिसला तिथंच थांबली आणि हॉर्न वाजवत बसली. बागेच्या वळणामुळे इकडचं तिकडे दिसत नाही. म्हातारी वाचली, पण डावी बाजू गेली. त्याच्याकडे मी पान्हे मागायला जातो, तेव्हा ती उजव्या हातानं मला बस म्हणते.

आता कचेरी म्हणते, एक सदतीस काढून टाका. सुपरवायझर म्हणतो, तुमचाच काढा, कारण त्याच्यासमोर चारच घरं आहेत आणि दुसऱ्यासमोर सलून, शाळा, पिठाची गिरणी. मी मोजणीचं चाक घेऊन बाजारापासून स्वतः मोजलं. काका, तुमचा दगड बरोबर आहे. तसूभरही चूक नाही. पुढचे सव्वीस चुकले आहेत. पण तो उपटला तर छत्तिसाच्या पुढे दोन किलोमीटर काहीच नाही, आणि त्या चार घरांनी ॲम्ब्युलन्सला बोलवायचं कुठं?

कारकून भला माणूस आहे. म्हणतो, रस्ता त्रेसष्ट लिहून देतो, पुढचे सव्वीस आकडे वाढवून देतो, फक्त एक किलोमीटर का वाढला ते कुणीतरी जागेवर उभं राहून सांगा आणि सही करा. नकाशात रस्ता बागेतून सरळ आहे. दुसरा मुकादम वारला. राहिलात तुम्ही.

तुम्ही आयुष्यभर सांगत आलात, की बागेखाली काळा खडक लागला म्हणून वळण घ्यावं लागलं. परवा आम्ही तिथं गटारासाठी खणलं. फावडं लोण्यात सुरी जावी तसं गेलं. खडक काय, धड खडासुद्धा नाही. मी कुणाला काही बोललो नाही. बागवाल्यांची मुलगी वर्षभरात आमची काकू झाली, हेही बोललो नाही. पण काका, खडकाची गोष्ट ठेवायची की दगड ठेवायचा, दोन्ही जमणार नाही. तीस तारखेला सगळ्या दगडांच्या बुडाशी काँक्रीट ओतायचं आहे. तोवर सही नसेल तर तुमचा दगड उपटायचा आहे, आणि तो उपटायला पहार मलाच दिली आहे.

तुमचा पुतण्या
(अजून तसं म्हणत असाल तर)

ता. क. – काकू, काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पत्रं तूच वाचून दाखवतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून हे खाली लिहिलं. इथवर मोठ्यानं वाचलं असशील, तर आता मनात वाच.

ता. क. दुसरा – बागेत तुझ्या धाकट्या भावाकडे पाणी प्यायला गेलो होतो. तो म्हणाला, आखणीच्या खुंट्या पहाटे ताईनं उपटल्या आणि कुंपणाबाहेरून नव्यानं ठोकल्या, बाबांची झाडं वाचावीत म्हणून. मुकादमानं ते पाहिलं आणि टोळीला कुंपणाबाहेरून कामाला लावलं. म्हणजे खडकाची गोष्ट काकांनी स्वतःसाठी रचली नव्हती. ते मरेपर्यंत सही करणार नाहीत, का ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. कारकुनाला विचारून ठेवलं आहे, सही खुंट्या हलवणाऱ्याची असली तरी चालते. शिक्षा काही नाही, एवढ्या वर्षांनी कोण करतो? काकांना एकटं पाठवू नकोस, तू ये, आणि त्यांनाही आण. दोघांच्या येण्याचं बसभाडं मनीऑर्डरनं पाठवलं आहे, चारशे ऐंशी. परतीचे सही झाल्यावर देईन, तेही चारशे ऐंशी.