ढिगाच्या पोटातलं तापमान

३ मार्च, सकाळी ७.४०
नवी डायरी. आजपासून नियमित.
सांडपाणी केंद्रात मला नवं काम. गाळाच्या ढिगाचं रोज तापमान घ्यायचं. साहेब म्हणाले, काका, पोटात पंधरा दिवस पंचावन्न अंश राहिलं की जंतू मरतात, मग गाळ खत म्हणून शेतात टाकता येतो. थर्मामीटरची लांब दांडी मुठीपर्यंत खुपसायची. मी सातवी नापास, पण लगेच समजलं. जबाबदारीचं काम आहे, म्हणूनच मला दिलं.

४ मार्च
मुठीपर्यंत खुपसायची तर ढिगाला छाती टेकते. तब्येतीला बरं नाही. वीतभर घातली. ३६. आत नक्कीच जास्त असणार. वीस मिळवून ५६ लिहिले. हात अकरा वेळा धुतले.

९ मार्च
रोज ५६ बरं दिसत नाही. आज ५७. लॅबवाली म्हणाली, काका, तुमचा ढीग भलताच शिस्तीचा हो. म्हटलं, सांभाळणाऱ्यावर असतं.
बायको विचारते, साबण खाता की काय?

१९ मार्च
पंधरा दिवस पूर्ण. लॅबवालीने नमुना नेला. निकालाला आठवडा लागतो, पण माझी वही बघून साहेबांनी ढीग आधीच सोडला. ट्रॅक्टर धाकट्या बहिणीच्या शेतात. मीच शब्द टाकला होता. तिला म्हटलं, खास दादाच्या हातचं खत. ती म्हणाली, हातचं म्हणू नकोस रे, मळमळतं.

२७ मार्च
निकाल आला. जंतू भरपूर, जिवंत.
साहेबांनी विचारलं, दांडी कुठवर घालत होतात? म्हटलं, पुरेशी. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, त्या जमिनीत वर्षभर कच्चं खायचं काही लावायचं नाही, पत्र काढतो. म्हटलं, पत्र कशाला, सख्खी बहीण आहे, आजच सांगतो.

२८ मार्च
पाठ धरली. उद्या नक्की.

२ एप्रिल
फोन केला. मुळा पेरला म्हणाली. पेरल्यावर सांगून उगाच हिरमोड. उगवला की सांगेन. शिवाय ऊन कडक आहे. जंतूंनाही लागतच असेल.

१५ एप्रिल
उगवला.
साहेबांनी विचारलं, बहिणीला सांगितलंत ना? हो म्हणालो. सांगणारच आहे, तेव्हा हे खोटं होत नाही.

१२ मे, संध्याकाळी
बहिणीकडून मुळ्याची जुडी आली. पांढराशुभ्र, मनगटाएवढा. बायकोने चिरायला घेतला. म्हटलं, मला पित्त, तुला गुडघे, मुळा नको. ती म्हणाली, गुडघ्यांचा काय संबंध? जुडी परसात पुरली. हात धुतले. काही वाटलं नाही.

१३ मे
बहिणीला फोन करायचा होता. रेंज नव्हती बहुतेक. बघितलं नाही.

१९ मे
बहीण चार दिवस जुलाब आणि तापाने आडवी. मेहुणेही. आज सगळं सांगायचंच ठरवून गेलो. रस्त्यात दोनदा वाक्य म्हणून बघितलं. नीट येत होतं.
ती उशीला टेकून होती. तोंड एवढंसं. म्हणाली, दादा, डॉक्टर म्हणतात खाण्यातून झालं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी बाहेर जेवलो ना, तेच बाधलं बघ. आता बाहेरचं बंद. आपल्या शेतातलंच खायचं, ते तरी खात्रीचं.
मी बरं म्हणालो.
पाणी मात्र उकळून पी, एवढं बजावून आलो.