सूरच्या हुमैदला दमवायला नेलं त्याची हकीकत

वडीलबंधू नासिर यांस,

धाकट्या झाहिरचा सलाम पोचावा. इथे सगळे खुशाल. तुमचा गुडघा आणि वहिनींची साखर कशी आहे ते सविस्तर कळवा. यंदा डाळिंबं बरी धरली आहेत (खालच्या बांधावरची सोडून, ती बकऱ्यांनाही बरीच वाटली).

दादा, आपल्या रय्याला मागणी घालणाऱ्या त्या हुमैदबद्दल तुम्ही म्हणाला होतात, की सूर बंदरातल्या नावाड्यांचा पोरगा, डोंगरात दोन पावलं चालायचा नाही. मला ते तंतोतंत पटलं. म्हणून शनिवारी सकाळीच मी त्याला घळीतून वरच्या डोहांकडे न्यायचं ठरवलं. चढावर पोरगा आपणहून माघार घेईल आणि लेकीसमोर मला वाईट व्हावं लागणार नाही, असा साधा बेत. रय्या आणि तिची आई शैखा, दोघी "आम्ही फक्त पाणी बघायला येतो" म्हणत निघाल्या.

हुमैदच्या खांद्यावर मी बाजारातलं सगळ्यात मोठं कलिंगड दिलं. स्वतःकडे कहव्याची किटली ठेवली (जबाबदारीचं काम). खजुरीची बाग संपली आणि नुसते तापलेले धोंडे सुरू झाले. दर दहा मिनिटांनी मी थांबून सगळ्यांना डोंगर दाखवत होतो. चौथ्या डोंगराला शैखा म्हणाली, "अहो, हा मघाचाच आहे. बसायचं तर बसा की सरळ!" तेवढ्यात माझ्या चपलेचा पट्टा तुटला. हुमैदने दोरीच्या तुकड्याने कोळ्यांची गाठ मारून दिली. ती अजून सुटलेली नाही, चप्पल घालूनच लिहितोय.

शेवटच्या डोहाआधीची ती अरुंद कपार तुम्हाला ठाऊकच आहे. पाण्यावर फक्त डोकं राहतं. मी मोठ्या ऐटीत पुढे झालो आणि मधोमध पोट अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. खाली पाय टेकेनात. दादा, खरंच भीती वाटली. मागून आवाज आला, "काका, श्वास सोडा. आता मला धरा. मान नको, खांदा धरा! मान मला लागते."

आणि मी पलीकडे! वरून धबधबा, छतातल्या भोकातून ऊन, हिरवंगार पाणी. मी पोरासारखा ओरडलो, गुहाही ओरडली. मागोमाग शैखा आणि रय्या कपड्यांनिशी पोहत आल्या. शैखाला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. परत येऊन पाण्यात गार झालेलं कलिंगड फोडलं. हुमैदने मधला गोड भाग शैखापुढे ठेवला. रय्या माझ्याकडे बघत होती. मी बिया मोजत असल्यासारखी मान खाली घातली.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
झाहिर

ता. क. येत्या शुक्रवारी सूरची मंडळी येणार आहेत. घरातले वडील म्हणून होकार तुम्हीच द्यायचा. मी तो तिथेच ओल्या कपड्यांत देऊन बसलो आहे, तरी तुम्ही विचारात पडल्यासारखं करून नव्याने द्यावा.

आणखी एक. शैखा म्हणते, त्या कपारीतून उंट जाईल. खरं सांगायचं तर मी अडकलो नव्हतो, खडकाला मिठी मारून बसलो होतो. मला पोहता येत नाही हे आता घरात उघड झालंय. तरुणपणी आपण दोघे तो डोह पोहून आल्याचं गावभर सांगत आलो, त्यातला तुमचा अर्धा भाग मी अजून शाबूत ठेवला आहे. शुक्रवारी वेळेवर या.